पंख असलेले डोंगर

जगदीश स्वामीनाथन यांच्या 'पक्षी, वृक्ष, पर्वत' या मालिकेतील अनेक चित्रांत एक गोष्ट नजरेला खटकते: पक्षी निवांत बसलेला असतो आणि अधांतरी असतो तो डोंगर. पिवळ्या रंगाच्या सपाट पटावर, खाली जमिनीचा मागमूस नसताना, एखादा खडक लटकत राहतो. त्याच्या अंगाला एखादे झाड असते आणि माथ्यावर चिमूटभर पक्षी, कोणत्या जातीचा हे पक्षिनिरीक्षकालाही सांगता येऊ नये असा. इतका मोठा खडक पडत कसा नाही, हा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो; पक्ष्याला मात्र पडलेला दिसत नाही.

स्वामीनाथन यांचा जन्म १९२८ साली सिमल्यात, तमिळ कुटुंबात झाला. कम्युनिस्ट पक्षाचे काम आणि पत्रकारिता असा वळसा घेऊन ते चित्रकलेकडे वळले. १९६२ साली भावनगरच्या ज्या घरात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या गटाची कल्पना पक्की केली, त्या घराचा क्रमांकच गटाचे नाव झाला: 'ग्रुप १८९०'. या बारा जणांचे एकमेव प्रदर्शन १९६३ साली दिल्लीत भरले. उद्घाटन पंडित नेहरूंनी केले आणि त्या वेळी मेक्सिकोचे भारतातील राजदूत असलेले कवी ऑक्टाव्हिओ पाझ यांनी त्याच्या पुस्तिकेसाठी लिहिले. या बारांपैकी अकोल्यात जन्मलेले अंबादास अखेरपर्यंत अमूर्त चित्रकलेत, म्हणजे ओळखीच्या वस्तूचा आधार न घेता केवळ रंग, आकार आणि पोत यांवर उभ्या राहणाऱ्या चित्रांत रमले, आणि पुढे ऑस्लोला स्थायिक झाल्यावरही त्यांच्या रंगांचे प्रवाह कोणत्याही वस्तूच्या काठाला लागले नाहीत. स्वामीनाथन यांनी मात्र १९६०च्या दशकाच्या मध्यास 'कलर जॉमेट्री ऑफ स्पेस', म्हणजे अवकाशाची रंगभूमिती, असे नाव दिलेली शुद्ध आकारांची चित्रे केली आणि काही वर्षांतच त्या भूमितीवर पक्षी येऊन बसला.

ही अमूर्ताशी फारकत होती असे म्हणणे सोपे आहे, परंतु या मालिकेतील एखाद्या चित्रातून पक्षी मनाने उचलून बाजूला ठेवून पाहावे; मागे उरतो तो रंगाचा पट आणि एक त्रिकोण, म्हणजे जवळपास आधीचेच चित्र. पक्षी परत जागेवर ठेवला की त्रिकोणाचा डोंगर होतो आणि रंगाचे आकाश. निसर्गचित्रकार झाडे, पाणी आणि क्षितिज यांनी कागद भरून काढतो. येथे निसर्गाची तीनच चिन्हे येतात आणि रिकामी जागा अधिकच रिकामी करतात. या सपाट पटाचे नाते पहाडी लघुचित्रांशी आहे. रावीकाठच्या बसोहलीची जुनी चित्रे जवळून पाहिली, तर त्यांतील लाल वा पिवळी पार्श्वभूमी खोलीचा आभास न देता सरळ पुढे येते, आणि नायिकेच्या दागिन्यांत जो पाचू चमकतो, तो रंगाचा ठिपका नसून भुंगेऱ्याच्या हिरव्या पंखकवचाचा कापून चिकटवलेला बारीक तुकडा असतो.

पंखांचा विषय निघाला की मराठी घरांतील एक जुना खेळ आठवणे अपरिहार्य आहे. मुले गोल बसून बोटे जमिनीला टेकवतात, एकजण 'चिमणी उड', 'कावळा उड' असे भराभर म्हणत जातो, उडणाऱ्याचे नाव आले की बोट वर करायचे, आणि मध्येच 'डोंगर उड' असे म्हटल्यावर ज्याचे बोट उचलले जाते तो बाद होतो. ज्ञानाची ही पहिलीच परीक्षा, आणि तिच्यात शिकवले जाते ते एवढेच की डोंगर उडत नाहीत. परंपरेचे म्हणणे मात्र वेगळे आहे. यजुर्वेदाच्या मैत्रायणी संहितेत अशी कथा आहे की पर्वत ही प्रजापतीची थोरली प्रजा; त्यांना पंख होते, ते मनाला येईल तेथे उडत आणि बसत, आणि त्यामुळे पृथ्वी डळमळीत राहिली. इंद्राने त्यांचे पंख छाटून पृथ्वी स्थिर केली; त्या छाटलेल्या पंखांचे मेघ झाले, म्हणूनच मेघ अजून डोंगरांकडे धाव घेतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आषाढात उभे राहणाऱ्याला या कथेचा पुरावा वेगळा द्यावा लागत नाही. रामायणात याच कथेचा एक धागा उरला आहे: वायूच्या कृपेने पंख वाचलेला मैनाक समुद्रात दडून राहिला आणि लंकेकडे उडणाऱ्या हनुमंताला क्षणभर टेकता यावे म्हणून पाण्यातून वर आला, हनुमंताने त्याला केवळ हाताने स्पर्श केला आणि न थांबता तो पुढे गेला. थकलेल्या उडत्या जिवासाठी डोंगराने उठून यावे, ही कल्पना कोणत्याही पराक्रमापेक्षा सुंदर आहे. स्वामीनाथन यांच्या मनात मैनाक होता असा दावा करण्याचे कारण नाही. त्यांच्या चित्रांत तो आहे, एवढे पुरे.

१९८२ साली भोपाळला भारत भवन सुरू झाले तेव्हा तेथील 'रूपंकर' या कलासंग्रहालयाची धुरा स्वामीनाथन यांच्याकडे होती. आदिवासी कलाकारांचे काम आणि नागर चित्रकारांचे काम एकाच छपराखाली, सारख्याच मानाने मांडण्याचा आग्रह त्यांनी धरला. पाटणगढचा तरुण गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम आदिवासी कलाकारांच्या शोधातूनच पुढे आला आणि त्याच्या कागदांवर ठिपक्यांनी भरलेले पक्षी व हरणे अवतरली. त्या पक्ष्यांच्या अंगात मात्र रिकामी जागा शोधूनही सापडत नाही. पुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून १९९४ साली झालेल्या मृत्यूपर्यंत स्वामीनाथन यांच्या चित्रांतून पक्षी उडून गेले आणि मातकट रंगांतील त्रिकोण, रेघा व खुणा पुन्हा आल्या. आदिवासी कलेविषयी त्यांनी १९८७ साली जे पुस्तक काढले, त्याचे नाव 'द परसीव्हिंग फिंगर्स', म्हणजे जाणणारी बोटे, असे आहे.