लाखापलीकडची गाडी

जुन्या गाडीचे मीटर किलोमीटर मोजते, पण मुंबईच्या उपनगरांत गाडी झिजते ती तासांनी. सकाळी बोरिवलीहून वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेने अंधेरीकडे निघालेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत असते. इंजिन फिरते, एसी चालतो, क्लच पुन्हा पुन्हा दाबला जातो आणि मीटर जेमतेम हलते. ताशी सरासरी १४ किलोमीटर धरली, तर ४२,००० किलोमीटर झालेल्या अशा गाडीचे इंजिन ३,००० तास चाललेले असते. याउलट, मुलुंडहून दर आठवड्याला पुण्याला जाऊन येणारी गाडी घ्या. ही फेरी साधारण २८० किलोमीटरची, म्हणजे नऊ वर्षांत मीटर १,३०,००० पुढे जाते. ताशी ५०ची सरासरी धरली, तर तास भरतात २,६००. जाहिरातीत पहिली गाडी ‘कमी चाललेली’ म्हणून चढ्या भावाने जाते आणि दुसरी लाखापलीकडची म्हणून पडून राहते. पाहायला आधी दुसरी जावी. बोरघाट उतरताना तिचे ब्रेक घासलेले असतात हे खरे, पण ब्रेक पॅड बदलण्याचा खर्च आणि इंजिन उघडण्याचा खर्च यांची तुलनाच नाही.

हा हिशेब मीटर खरे असले तरच चालतो. डिजिटल मीटर आल्यावर आकडा मागे घेणे बंद होईल असे वाटले होते. झाले उलटेच, ते सोपे झाले. म्हणून आकडा वाचायचा तो इतर खुणांशी ताडून. क्लच पेडलच्या रबरावरच्या रेघा गुळगुळीत झाल्यात आणि मीटर ३५,००० दाखवते आहे, तर मीटरवर विश्वास ठेवू नये. रबर नवेकोरे असेल तरी प्रश्न उरतोच: इतक्या कमी चाललेल्या गाडीत ते बदलायची वेळ कशी आली? ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, गिअरची मूठ, स्टीअरिंगचा वरचा भाग याही त्याच साक्षी. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. २०१९च्या गाडीला चारही टायर २०२२चे आणि मीटर २५,००० असेल, तर पहिले टायर कुठे झिजले हे विकणाऱ्याने सांगावे. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली नोंद सर्वांत उपयोगी, कारण तिथे दर खेपेचा किलोमीटरचा आकडा चॅसिस नंबरापुढे लिहिलेला असतो. ‘सिंगल हँड’, ‘डॉक्टरांची गाडी’, ‘पारशाची गाडी’ ही विशेषणे ऐकून सोडून द्यावीत. मुंबईत पारशाची म्हणून विकल्या गेलेल्या गाड्या मोजल्या, तर शहरातल्या पारशांपेक्षा त्याच जास्त भरतील.

इंजिन थंडच तपासायचे. गाडी पाहायला सकाळी जावे आणि आधी चालू करून ठेवू नका असे सांगूनही बॉनेटवर हात ठेवून पाहावा. ते गरम लागले, तर विकणाऱ्याला काहीतरी झाकायचे आहे असे समजायला हरकत नाही. चालू करताना एकजण मागे सायलेन्सरपाशी उभा हवा. निळसर धूर आला तर गाडी ऑइल खाते. काळा आला तर इंधन नीट जळत नाही. थंडीत सुरुवातीला दिसणारी वाफ विरून जाते. गोडसर वासाचा दाट पांढरा धूर इंजिन तापल्यावरही येत राहिला, तर कूलंट जळते आहे आणि हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. मग चालू इंजिनावरच ऑइल भरायचे झाकण उघडायचे. तिथून थोडी वाफ येतेच. पण ठोके देत धूर बाहेर पडत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजून सिलिंडरमधला दाब खाली निसटतो आहे. गॅरेजवाले याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात आणि हे शब्द ऐकले की सौदा बहुधा तिथेच संपतो. झाकणाच्या आत ताकासारखा पांढरट थर दिसला की नवखा माणूस घाबरतो. हेड गॅस्केट गेल्यावर तो दिसतो खरा, पण पावसाळ्यात घर ते स्टेशन एवढीच चालणाऱ्या गाडीतही तो धरतो, कारण इंजिन पुरते तापतच नाही आणि आतले बाष्प उडून जात नाही. डिपस्टिकवरचे ऑइल आणि रेडिएटरमधले कूलंट दोन्ही स्वच्छ असतील, तर त्या थरापायी चांगली गाडी सोडू नये.

हे कान-डोळ्यांचे शास्त्र उपनगरांत रुजले ते प्रीमिअर पद्मिनीच्या काळात. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या निघत आणि त्यांतल्या कित्येकींची पुढे काळी-पिवळी होई. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ची. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. त्या गाड्यांवर हात बसलेले मेकॅनिक आजही स्कॅनर लावण्याआधी कान लावतात. स्कॅनर बिघडलेला सेन्सर दाखवील. सस्पेन्शनचे सैल बुश दाखवणार नाही.

त्या बुशांसाठी गाडी चालवून पाहावी लागते, आणि त्याला हायवे कामाचा नाही. पेव्हर ब्लॉक बसवलेला, पावसाळ्यानंतर खचलेला एखादा आतला रस्ता गाठावा, काचा खाली कराव्यात, एसी बंद करावा आणि दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश जावे. विकणारा याच वेळी गाणी लावतो. ती बंद करायला सांगावीत. बारीक खडखड बहुधा स्टॅबिलायझर लिंकची असते आणि स्वस्तात सुटते. खड्ड्यात जड ‘धप्’ आला, तर लोअर आर्म किंवा शॉकअब पाहावा. स्टीअरिंग वळवताना हाताला ठोका लागला, तर रॅक. क्लचची परीक्षा सपाट, मोकळ्या जागी: हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडला की धड क्लचची गाडी लगेच बंद पडते. ती घुरघुरत चालूच राहिली, तर क्लच प्लेट संपली आहे. हा प्रयोग एकदाच करावा; पुन्हा पुन्हा केला तर धड क्लचही जळतो.

पत्र्याची तपासणी उपनगरागणिक बदलते. वर्सोवा, मढ, गोराईकडच्या गाड्यांना खारा वारा खातो. रंग चकचकीत राहतो आणि गंज आतून, दरवाजांच्या खालच्या शिवणीतून, बॅटरीच्या ट्रेखालून, डिकीतल्या स्टेपनीच्या खळग्यातून वर येतो. ठोकलेली गाडी ओळखायला बॉनेट उघडून फेंडरचे बोल्ट पाहावेत. कंपनीतून निघताना बोल्टावर आणि पत्र्यावर एकच सलग रंग असतो. पाना लागला की बोल्टाच्या कोपऱ्यांवरचा रंग उडतो आणि भोवतीचा पातळ थर तडकतो. डेंटिंग-पेंटिंगवाला दार आरशासारखे करून देतो, पण या बोल्टांकडे त्याचे लक्ष जात नाही.

सगळ्यांत घातक गाडी पाण्यात बुडालेली. २६ जुलै २००५ला सांताक्रूझ वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला, तेव्हा टपापर्यंत बुडालेल्या गाड्या लोकांनी पाहिल्या. एवढा प्रलय रोज होत नाही, पण अंधेरी आणि मिलन सबवे तुंबल्याची बातमी दर पावसाळ्यात असतेच. हवेच्या वाटेने पाणी इंजिनात शिरले की ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी गाडी तशीही चालते, म्हणूनच विकली जाते. तिला ओळखायची खात्रीची जागा सीटबेल्ट. तो सावकाश, पूर्ण संपेपर्यंत बाहेर ओढावा. रोजच्या वापरात शेवटचा हातभर पट्टा बाहेर येतच नाही. धुणाराही तिथवर पोचत नाही. तिथे मातकट रेघ दिसली, तर पाणी निदान तिथवर चढले होते. मग सीटच्या रुळांचे बोल्ट आणि डॅशबोर्डखालचे स्क्रू गंजलेले आहेत का पाहावे. आत सुगंधी द्रव्याच्या दोन-दोन बाटल्या लटकत असतील, तर गालिचा उचलून हात लावावा. सोसायटीत रोज पहाटे गाड्या पुसणाऱ्या माणसाला दोन शब्द विचारता आले तर उत्तम. कुठल्या गाडीला धक्का मारावा लागतो आणि कुठलीचे वायरिंग उंदरांनी कुरतडले, हे मालकाआधी त्याला ठाऊक असते.

सीएनजी असेल तर किट आरसी बुकात चढवलेले आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट झालेली आहे का, एवढे पाहिले की पुरते. बाकी कागद सरळ आहेत: कर्ज असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५, नाव बदलायला २९ आणि ३०, शिवाय थकलेली ई-चलने, ज्यांची रक्कम पाहून कधी कधी गाडीची किंमत नव्याने ठरवावी लागते. नोंदणी एमएच ०२ अंधेरीची, ४७ बोरिवलीची, ०३ मुलुंड-घाटकोपरसह पूर्व उपनगरांची. दिल्लीची स्वस्त गाडी मोहात पाडते. तिथे डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा घालण्यात आली होती, म्हणून ती स्वस्त. इथे आणल्यावर रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो आणि बचत त्यात जाते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी १ एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली आणि पर्यावरण कर वेगळा. चौदाव्या वर्षात विकायला निघालेल्या गाडीच्या भावातून एवढे आधीच वजा करावे.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट आणि सगळे फिल्टर बदलावेत, आधीच्या मालकाने ‘आत्ताच बदलले’ म्हटले तरीही. टायमिंग बेल्टच्या गाडीत बेल्टचीही तारीख विचारू नये, नवा टाकावा. चेनच्या गाडीत सकाळी चालू करताना खळखळाट होतो का तेवढे ऐकावे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने-नवे सुटे भाग मिळतात. तिथून दाराचे हँडल, आरसे, दिव्यांच्या काचा बेलाशक आणाव्यात. ब्रेकचे आणि स्टीअरिंगचे काही आणू नये. डॅशबोर्डाच्या खणात एक वही ठेवून प्रत्येक कामाची तारीख, मीटरचा आकडा आणि बिल तिच्यात नोंदवावे. गाडी विकायची वेळ येईल तेव्हा घेणारा सकाळी थंड बॉनेटवर हात ठेवून आधी तीच वही मागेल.