पाण्याभोवतीचे शब्द

दहावीच्या मराठीला प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली. उतारा वाचायचा आणि मधल्या शब्दाभोवतीचे रिकामे चौकोन भरायचे. ज्यांच्या घरी पाठांतर घ्यायला कुणी शिकलेले नाही, त्या मुलांना ही पद्धत सोयीची ठरायला हवी होती. पण बाजारात लगेच गाईडे आली, चौकोन भरलेलीच! आमच्या वस्तीतली मुले आता निबंधाबरोबर आकृत्याही पाठ करतात.

मी दिवसा कारकुनी करतो आणि संध्याकाळी विहारातला अभ्यासवर्ग घेतो. बी.कॉम.ला असताना डावीकडे नावे, उजवीकडे जमा असे खाते आखले, की पानभराचा व्यवहार एका नजरेत कळायचा. तीही आकृतीच. पण दुसऱ्याने आखलेले खाते पाहून जमाखर्च कुणाला आला आहे?

म्हणून एके दिवशी गाईडे मिटायला लावली, फळ्यावर नुसते 'पाणी' लिहिले आणि खडू मुलांच्या हाती दिला. आधी पुस्तकी शब्द आले: जल, नीर, जीवन. मग एकाने 'नंबर' लिहिले. नळावरचा नंबर! त्यापाठोपाठ घागर, पंचगंगा, महापूर. २०१९ आणि २०२१ चे पूर आठवले, तशी 'भिजलेली दप्तरे' आली. सातवीतल्या एका मुलीने कोपऱ्यात 'चवदार तळे, १९२७' लिहून तिथून थेट 'नंबर'पर्यंत रेघ ओढली. का, म्हणून विचारले.

"काका, तिथंबी आपला नंबर लागत न्हवता."

निबंधात दोन ओळींवर अडणाऱ्या त्या पोरीने त्या एका रेघेवर दीड पान लिहिले.

हल्ली संगणकावर शब्दांचा ढग काढता येतो. जो शब्द जास्त वेळा येईल, तो मोठा दिसतो. दिसायला छान, पण त्यात एकदाच आलेला आमचा 'नंबर' कुठे तरी बारीक पडला असता आणि रेघ तर नसतीच. त्यापेक्षा मला सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळा जवळच्या वाटतात. तिथे वर्गाच्या फरशीवरच शब्दचक्रे रंगवली, मुले त्यांभोवती बसून शिकली आणि ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले.

पालकहो, घरी फळा नसला तरी जुन्या कॅलेंडरची कोरी पाठ चालते. मधला शब्द मात्र पोरांनाच निवडू द्या. आमच्याकडे गेल्या आठवड्यात एकाने 'वीटभट्टी' निवडला. फळा पुरला नाही, शेवटचे शब्द भिंतीवर गेले.