सेवेची घरची बाजू

आमच्या घरच्या कालनिर्णयावर तीन रंगांची शाई आहे. निळी मम्मीची: दुधाचे खाडे, गॅस सिलिंडर, आजीच्या बीपीच्या गोळ्या. काळी पप्पांची: एसटीच्या वर्कशॉपमधली ड्यूटी. लाल माझी, आणि तीच सगळ्यांत गिचमिड, कारण एकाच चौकोनात मला कॉलेज बसवायचं असतं आणि चर्चही. बॉटनीचं सबमिशन, गायनमंडळाचा सराव, संडे स्कूलच्या शिक्षकांची बैठक, केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. नोव्हेंबर-डिसेंबरची पानं तर माझी मलाच वाचता येत नाहीत. विद्यापीठाची सत्रपरीक्षा आणि नाताळ हे दोघं वर्षानुवर्षं एकमेकांच्या अंगावर येतात आणि मध्ये आमच्यासारखी पोरं सापडतात.

मी नगरची. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडातलं नगर काही जात नाही. कॉलेजात मी ख्रिस्ती आहे हे कळलं की ठरलेले दोन प्रश्न येतात. ‘गोव्याची का?’ आणि ‘घरी इंग्लिशच बोलता का?’ घरी आम्ही जी मराठी बोलतो ती ऐकली तर पुण्याची माणसंही दचकतील. ताटात बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, नाताळच्या फराळात केकच्या शेजारी करंज्या आणि शेव. चर्चमध्ये पेटी-तबला वाजतो आणि ‘उपासना संगीत’ उघडलं की रेव्हरंड टिळकांची गीतं येतातच. नाताळच्या नाटकात मेंढपाळ खरीखुरी घोंगडी पांघरतात आणि मागी लोकांच्या डोक्याला फेटे असतात. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं 1831 साली. इतक्या पिढ्यांनंतर आम्ही कुठून आलो हे विचारण्यात काही अर्थ राहिलेला नाही, पण विचारणाऱ्याचा राग येत नाही. दुसऱ्या दिवशी डब्यात करंजी नेली की काम होतं.

घरात रात्री आठला कुटुंबप्रार्थना असते. आजी वचन सांगते आणि मी वाचते, कारण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही तिला बारीक टाईप दिसत नाही. खरं म्हणजे तिला वाचून दाखवायची गरजच नसते. मी एखादी ओळ गाळली तर ती डोळे मिटूनच हूं करते. मग पप्पा प्रार्थना करतात. पप्पांच्या प्रार्थनेत सगळे नातेवाईक येतात, गाव येतं, सरकार येतं, वर्कशॉपमध्ये इंजिन उतरवून ठेवलेल्या गाड्याही येतात. मम्मी मात्र एक कान कुकरकडे ठेवून असते. तिसरी शिट्टी झाली की ती हळूच उठते, गॅस बंद करते आणि ‘आमेन’च्या आत जागेवर येऊन बसते. धाकटा भाऊ यंदा दहावीला आहे. प्रार्थना लांबावी अशी त्याची फार इच्छा असते, कारण ती संपली की भूमिती काढावी लागते.

रविवारी सकाळी उपासनेच्या आधी संडे स्कूल भरतं. माझ्याकडे पहिली ते तिसरीचा वर्ग. सतरंजीवर बसलेली पोरं, कुणाच्या केसांना तेल थापलेलं, कुणाच्या हातात अर्धवट खाल्लेला बिस्किटपुडा. प्रार्थना, गाणं, सुवर्णवचनाचं पाठांतर, मग धडा. एकदा धडा मोहरीच्या दाण्याचा होता. देवाचं राज्य मोहरीच्या दाण्यासारखं आहे. दाणा सगळ्या बियांत लहान, पण वाढला की त्याचं एवढं झाड होतं की आकाशातली पाखरं येऊन फांद्यांवर राहतात. मी घरून फोडणीच्या डब्यातली मोहरी नेली होती. प्रत्येकाच्या तळव्यावर एकेक दाणा ठेवला. दोघांनी तो ताबडतोब खाल्ला. तिसऱ्यानं मात्र विचारलं, ‘टीचर, मोहरीवर पाखरू कसं बसंल? आमच्या मामाच्या वावरात हाय ना, एवढीच असती.’ आणि त्यानं आपल्या कमरेला हात लावून दाखवला.

हा प्रश्न मला फार आवडला. तो येईपर्यंत मी बॉटनीची विद्यार्थिनी आणि संडे स्कूलची टीचर अशा दोन वेगळ्या मुली होते. काळी मोहरी चांगल्या जमिनीत पुरुषभर उंचीच्या वर जाते, हे मला माहीत होतं. दाण्यासाठी टपलेली चिमणी तिच्या फांदीवर बसू शकते, हेही. पण मोहरीहून लहान बिया असतात, हेही मी शिकले होते. ऑर्किडचं बी तर धुळीसारखं असतं, वाऱ्यावर उडून जातं. मग मुलांना सांगायचं काय? धड्याच्या पुस्तकात यावर काही नव्हतं. मी त्यांना जे खरं ते सांगितलं: याहून लहान बिया जगात आहेत, पण गोष्ट ऐकायला समोर बसलेले लोक शेतकरी होते आणि आपल्या हातानं पेरायच्या बियांत त्यांना ही सगळ्यांत लहान वाटायची. येशू त्यांच्याशी त्यांच्या मापानं बोलत होता. मामाच्या वावराची गोष्ट सांगणाऱ्या त्या मुलाला हे लगेच पटलं. मागं बसून ऐकणाऱ्या एका काकांना पटलं नाही. त्यांच्या मते मुलांना एवढं सांगायची गरज नव्हती. असेलही. पण सात वर्षांच्या मुलाला पडलेला प्रश्न सतराव्या वर्षी पुन्हा पडतो, आणि तेव्हा तो टीचरला विचारत नाही, चर्चला यायचंच थांबवतो. आमच्या तरुण संघातली अशा चार रिकाम्या जागांची नावं मला माहीत आहेत.

आमच्यातली पोरं ‘मिनिस्ट्री करतो’ म्हणतात तेव्हा त्यात बरंच काही येतं. गायनमंडळ, साउंड सिस्टीमच्या वायरी गुंडाळणं, आजाऱ्यांना भेटी, उन्हाळ्याच्या सुट्टीतली बायबल शाळा, खेड्यावरच्या प्रार्थनासभा, कॅरल पार्टी. यातली बरीच कामं मला मनापासून आवडतात. थंडीच्या रात्री गल्लीगल्लीतून गात जाणं, प्रत्येक दारात चहा नको-नको म्हणत पिणं, यासारखं सुख नाही. पण या कामांना एक गुण असा आहे की त्यांचं कौतुक लगेच होतं. उपासनेनंतर कुणीतरी पाठीवर हात ठेवतं, ‘फार छान गायलीस, बेटा.’ बायोकेमिस्ट्रीचा धडा रात्री अकराला समजला तर पाठीवर हात ठेवायला कुणी नसतं. आजीच्या पायाला तेल चोळलं तर मंडळीत त्याची घोषणा होत नाही. त्यामुळे आमच्यातली काही मुलं सोमवार ते शनिवार चर्चमध्येच सापडतात, आणि घरी त्यांची आई एकटी पाणी भरत असते. त्यांच्या भक्तीवर मला शंका नाही. मला इतकंच दिसतं की अवघड कामापासून पळून जायला चर्च ही फार सोयीची जागा आहे. तिथे सापडलेल्या पोराला कुणी रागवत नाही.

टिळकांचं नाव वर आलंच आहे, तर त्यांच्या घराचंही सांगते. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. स्वतःचा वेळ घेऊन, 1900 साली त्या ख्रिस्ती झाल्या. दोघांची पुढची बरीच वर्षं नगर आणि राहुरीत गेली, म्हणजे आमच्याच रस्त्यांवर. टिळक कवी, कीर्तनकार, हातचं राखून न ठेवणारे. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यांची गाणी आम्ही दर रविवारी गातो. पण त्यांच्या सेवेची घरची बाजू काय होती हे कुठल्याच गीतात नाही. ते कळतं ‘स्मृतिचित्रे’मधून, ज्याचा पहिला भाग 1934 साली आला. पैसा हातात टिकत नाही, पाहुणे केव्हाही येतात, पोरकी मुलं घरात वाढतात, आणि चूल पेटती ठेवायची ती बाईनं. लक्ष्मीबाई हे तक्रारीच्या सुरात लिहीत नाहीत, हसून लिहितात, म्हणून वाचणाराही हसतो आणि हिशोब मांडायचा विसरतो. मी तो मांडते. त्या घरात सेवा दोघांनी केली. गाजली ती एकाची, आणि दुसरीची आपल्याला कळली ती केवळ तिला लिहिता आलं म्हणून. शाळेत न गेलेल्या त्या बाईनं पुढे नवऱ्याचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ही पुरं केलं.

मम्मी काही पुस्तक लिहिणार नाही. मी खेड्यावरून रात्री उशिरा येते तेव्हा भाजी झाकून ठेवलेली असते, माझा ॲप्रन धुऊन दोरीवर असतो. तरुण संघाच्या वार्षिक अहवालात ‘खेड्यांतील भेटी’ या मथळ्याखाली माझं नाव छापून येतं. त्या भेटी मला करता याव्यात म्हणून घरी कुणी काय केलं, याला मथळाच नाही.

आणि त्या भेटींतलं खरं काम तरी अहवालात कुठे येतं? नेवासा तालुक्यातल्या एका वस्तीवर आम्ही महिन्यातून एखाद्या रविवारी जातो. पाळकसाहेब वचन सांगतात, आम्ही दोन भजनं म्हणतो, झांजा जोरात वाजतात. सभा संपली की खरी गर्दी जमते. एका आजीला निराधार योजनेचे पैसे थांबलेत, बँकेत जाऊन काय सांगायचं ते कळत नाही. एकाच्या आधार कार्डावर जन्मसाल चुकलंय. एका मुलीला अकरावीचा ऑनलाईन अर्ज भरायचाय आणि मोबाईलला रेंज नाही. मग आम्ही देवळाच्या ओट्याजवळ जाऊन उभे राहतो, तिथे एक काडी येते. धर्माच्या आणि जातीच्या रकान्यात काय भरायचं यावर तर प्रत्येक घरात वेगळी गोष्ट. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा धर्माला बांधला. पुढे शीख आणि बौद्ध समाजाला तो मिळाला, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. हे मला पुस्तकातून कळलं असतं तर मी परीक्षेपुरतं पाठ केलं असतं. त्या मुलीच्या शेजारी उभं राहून कळलं, म्हणून विसरता येत नाही. असा अर्ज भरायला लागते ती अक्कल, धीर आणि थोडं इंग्रजी. तिन्ही मला कॉलेजनं दिलं. चर्चनं मला त्या वस्तीवर नेलं, हेही तितकंच खरं.

म्हणून ‘अभ्यास तर होतच राहील, प्रभूचं काम आधी’ हे वाक्य कुणी म्हणालं की मला गप्प बसवत नाही. नगरात तरी हे वाक्य शोभत नाही. इथे मिशनच्या कामात मुलींना अक्षर शिकवणं हे पहिल्यापासून होतं. मिस सिंथिया फरार 1827 च्या अखेरीस मुंबईत उतरल्या, पुढे नगरला आल्या आणि मुलींना शिकवता शिकवता 1862 साली इथेच वारल्या. त्यांच्याकडे नगरला सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं असं चरित्रकार सांगतात. आज माझ्या गुणपत्रिकेवर सावित्रीबाईंचंच नाव छापलेलं असतं. त्या विद्यापीठाची परीक्षा नीट देणं हे प्रभूच्या कामाबाहेरचं काम आहे असं मला कुणी सांगू नये. स्लाइडवर खोडाचा पातळ छेद घेऊन सॅफ्रानिननं रंगवायचा, तो नीट आला नाही तर पुन्हा घ्यायचा; यात लबाडी चालत नाही. उपदेशात जे सचोटीबद्दल ऐकते त्याचा सराव मला चर्चपेक्षा लॅबमध्ये जास्त मिळतो.

हे वाचून पप्पा म्हणतील, पोरगी आता चर्च सोडते की काय. नाही सोडत. संडे स्कूल तर मुळीच नाही. पहिली ते तिसरीच्या वर्गाइतके चांगले प्रश्न मला कॉलेजात कुणी विचारत नाही. मात्र जे काम मी वर्षभर नियमानं करू शकेन तेवढंच घ्यायचं असं मी ठरवलंय. एक वर्ग, एक वस्ती. कीबोर्ड वाजवायला दुसरी मुलं आहेत, आणि त्यांतली दोन माझ्याहून बरं वाजवतात.

बाकी विनंती पाळकसाहेबांना आणि कमिटीतल्या वडीलधाऱ्यांना. संडे स्कूलच्या प्रत्येक वर्गाला दोन शिक्षक द्या, म्हणजे एकाची परीक्षा असली तर दुसरा उभा राहील. कॅरल पार्टीला पोरांना नेण्याआधी त्यांच्या आईला विचारा की घरी काय अडलंय. खेड्यावर जाताना पेटीबरोबर एक लॅपटॉप आणि कोरे अर्जही घ्या, आणि भरलेल्या अर्जांची संख्या अहवालात छापा. नाताळच्या कार्यक्रमाची बैठक ऑक्टोबरमध्ये होईल, तेव्हा तालमीच्या तारखा ठरवण्याआधी विद्यापीठाचं वेळापत्रक समोर ठेवा. कुणाला सापडलं नाही तर मला फोन करा, मी प्रिंट काढून आणते.