जास्वंदीवर चढलेली वेल

चार-पाच जणांनी फोटो बघून विचारलं, की घरापुढं जास्वंदीवर हे लाल-पिवळं काय फुललंय. लिहितोच, कारण काम फक्त फुलाचं नाही.

गेल्या उन्हाळ्यात ओढ्याकाठच्या जुन्या बांधाची माती आणून घरापुढच्या वाफ्यात टाकली होती. आषाढात त्यातनं एक कोंब आला. पानं आल्यासारखी, शिरा सरळ. शेजारचे अण्णा म्हणाले, रानआलं असेल. पण आल्याला आधार लागत नाही, आणि ही तर जास्वंद धरून वर चालली होती. जवळ जाऊन बघितलं तर पानाचं टोकच वळून आकडा झालेलं. वेगळा ताणा नाहीच, पानच फांदीला विळखा घालतंय!

श्रावणात फूल आलं. सहा पाकळ्या, कडा नागमोडी, सगळ्या मागं उलटलेल्या. आधी हिरवट पिवळ्या, मग खालून पिवळ्या नि टोकाला लाल, शेवटी पूर्ण लाल. जाळच. सहा पुंकेसर बाहेर पसरलेले, आणि मधली दांडी एकदम काटकोनात आडवी मोडलेली. ही दांडी बघितली की दुसरं झाड समजायचं कारणच नाही.

वहिनींचं माहेर गुहागरकडं. त्या बघताक्षणी म्हणाल्या, "अहो, हे तर गौरीचे हात! आमच्याकडं गौरीला वाहतात." आईनं मात्र कपाळाला हात लावला. "कळलावी आहे ती. दारात ठेवू नका, घरात भांडणं लागतात."

दोघींचंही बरोबर, झाड एकच. अग्निशिखा पण हिलाच म्हणतात. भांडणाचं मला माहीत नाही, आमच्याकडं त्यासाठी वेलीची गरज पडत नाही. पण 'कळ' म्हणजे बाळंतकळाही. पूर्वी अडलेल्या बाईसाठी हिचा कंद वापरायचे, त्यावरनं नाव पडलं असं सांगतात. आज कुणी तसलं करू नये.

कारण झाड आख्खं विषारी. कोल्चिसिन नावाचं विष असतं, कंदात आणि बियांत जास्त. पोटात गेलं तर आधी उलट्या-जुलाब, आणि जास्त गेलं तर माणूस दगावतो. तामिळनाडूत शेतकरी बियांसाठी हिची लागवड करतात, औषध कंपन्या घेतात. तिथलं राज्यफूल पण हेच.

मला धास्ती कंदाची. वाफा उकरला तर नांगरासारखा दोन फाट्यांचा, फिकट रंगाचा कंद निघाला. संस्कृतात हिला लांगली म्हणतात ते यावरनंच. रताळं समजून कुणी चुलीत टाकलं तर? पुतण्याचा पोरगा तीन वर्षांचा, दिसेल ते तोंडात घालतो. शेळ्याही तिथंच बांधतो.

मारून टाकायला जीव झाला नाही. रानात आता पूर्वीसारखी दिसत नाही. हातमोजे घालून कंद काढला, वरच्या बांधाला करवंदीच्या जाळीत लावला. शेळ्या तिकडं जात नाहीत. वाफ्यात तुकडा राहिला असेल तर पुढच्या आषाढात कोंब येईल, म्हणून तिथं काठी रोवून ठेवलीय. तुमच्या बांधाला ही दिसली तर पोरांना आधी दाखवून ठेवा.