पेरलेला देह

देह आणि आत्मा यांची ताटातूट म्हणजे मृत्यू, अशी ख्रिस्ती धर्मशास्त्राची रूढ व्याख्या आहे. पण या धर्माची आशा त्या ताटातुटीपाशी संपत नाही. ती देहासकट पुन्हा उठण्यावर, पुनरुत्थानावर टेकलेली आहे. हिंगोली जिल्ह्यात हा भेद चटकन ध्यानात येत नाही. नर्सी हे नामदेवांचे गाव, औंढ्याला नागनाथ. देह नश्वर आणि आत्मा अमर हे ऐकतच इथला माणूस मोठा होतो. जिल्ह्यात ख्रिस्ती घरे थोडी. त्यांतले कोणी गेले की शेजारी ‘आत्म्याला शांती लाभो’ म्हणतो, आणि बोलणाऱ्याला व ऐकणाऱ्याला अर्थ एकच वाटतो. तो एक नाही.

घोळ शब्दांपासून सुरू होतो. जुन्या करारातला हिब्रू शब्द ‘नेफेश’. त्याचा मुळातला अर्थ घसा. त्यावरून श्वास, आणि त्यावरून श्वास घेणारा जिवंत प्राणी. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीचा माणूस घडवून त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो, तेव्हा माणूस नेफेश होतो. त्याला नेफेश मिळत नाही. क्रियापदातला हा फरक लहान दिसतो, पण सगळे प्रकरण त्यावर उभे आहे. मराठीत याच्या सर्वांत जवळचा शब्द ‘जीव’. जीव घाबरतो, जीव लागतो, जीव जातो; तो देहाबाहेर राहून काही करत नाही. दुसरा हिब्रू शब्द ‘रुआख’ म्हणजे वारा, श्वास आणि आत्माही. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये याच जोडीला ‘प्सुखे’ आणि ‘प्नेउमा’ आहेत. मराठी भाषांतरकारांनी पुष्कळ ठिकाणी त्यांना अनुक्रमे जीव आणि आत्मा म्हटले. लूकच्या शुभवर्तमानातल्या मरियेच्या गीतात दोन्ही शब्द लागोपाठ येतात. थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्राच्या अखेरीस आत्मा, जीव आणि शरीर असे तिन्ही एकत्र येतात.

विल्यम केरी यांच्या श्रीरामपूर मिशनने नवा करार १८११ साली मराठीत छापला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला संपूर्ण बायबलाचे भाषांतर केले. त्या १९२२ साली वारल्या आणि ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. या कामात रूढ धार्मिक शब्दांचा हिंदू अर्थ सोबत येईल, ही धास्ती रमाबाईंना मोठी होती. त्याच्या तीनशे वर्षे आधी, १६१६ साली गोव्यात राचोल इथे छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त फादर थॉमस स्टीफन्सना ती तितकी नव्हती. त्यांनी ओवीत लिहिले आणि स्वर्गाला सरळ ‘वैकुंठ’ म्हटले. वाचकाला आपले वाटावे म्हणून घेतलेला शब्द वाचकाला त्याच्याच जुन्या अर्थाकडे परत नेऊ शकतो. ‘आत्मा’ या शब्दाचेही तसेच झाले.

ख्रिस्ती शिकवणीत आत्मा निर्माण केलेला आहे, अनादि नाही. त्याला पूर्वजन्म नाही आणि पुढचा जन्मही नाही. माणसाला एकदाच मरायचे, मग न्याय, असे इब्री लोकांस लिहिलेले पत्र सांगते. त्यामुळे चौऱ्यांशी लक्ष योनींच्या फेऱ्यातून सुटका हा प्रश्नच इथे उभा राहत नाही. सुटका पापापासून हवी. मृत्यूला प्रेषित पौलाने ‘शेवटचा शत्रू’ म्हटले आहे, आणि देहाला तुरुंग मानणारा कोणी त्या तुरुंगाचे दार उघडणाऱ्याला शत्रू म्हणणार नाही.

मरण आणि पुनरुत्थान यांच्या मधल्या काळात माणूस कुठे असतो, यावर मात्र ख्रिस्ती लोकांत पहिल्यापासून वाद आहेत. आपल्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराला येशू त्याच दिवशी सुखलोकाचे आश्वासन देतो. पौल मेलेल्यांना झोपी गेलेले म्हणतो. पोप जॉन बाविसावे यांनी प्रवचनांत सांगितले की नीतिमानांनाही शेवटच्या न्यायाआधी देवदर्शन होत नाही. त्यावर एवढे काहूर माजले की पुढचे पोप बेनेडिक्ट बारावे यांनी १३३६ साली उलट निर्णय जाहीर केला: शुद्ध आत्म्यांना ते लगेच होते. कॅथलिकांत अजून शुद्धी बाकी असलेल्यांसाठी शुद्धिस्थान आहे, म्हणून मृतांसाठी मिस्सा ही उपासना होते. प्रोटेस्टंटांनी शुद्धिस्थान नाकारले. त्यांच्यातले धर्मसुधारक लूथर कधी कधी आत्म्याच्या झोपेविषयी बोलत. कॅल्व्हिनने त्या कल्पनेविरुद्ध अख्खे पुस्तक लिहिले.

मराठवाड्यात दोन्ही परंपरा आहेत. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली झाला. प्रोटेस्टंटांपैकी अनेक मंडळ्या १९७० साली नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेल्या. फरक दफनाच्या वेळी कानावर पडतो. कॅथलिक फादर मृतासाठी चिरविश्रांती मागतात. प्रोटेस्टंट पाळक मागे राहिलेल्यांसाठी सांत्वन मागतात आणि मृताबद्दल केवळ आभार मानतात.

पुनरुत्थानाचा देह कसा असेल, याचे उत्तर पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात बियाण्याच्या दृष्टान्ताने दिले. गव्हाचा वा दुसरा कसला दाणा पेरतात; उगवते ते रोप दाण्यासारखे दिसत नाही, पण दुसऱ्या जातीचेही नसते. पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी ज्वारीचे रोप हलकेच उकरले तर मुळाशी दाण्याचे चुरमडलेले टरफल सापडते. आतला पिठूळ भाग रोपाने खाऊन टाकलेला असतो. देह पेरला जातो, असे पौल म्हणतो ते याच अर्थाने. वसमतकडच्या हळदीच्या शेतकऱ्याला मात्र ज्वारीचेच उदाहरण द्यावे. हळदीचे बेणे आणि निघणारा कंद रूपाने सारखेच, म्हणून दृष्टान्ताचा निम्मा अर्थ तिथे हरवतो.

दफनाची चाल याच आशेशी जोडलेली आहे. कबरस्तानाला ग्रीक ख्रिस्ती ‘कोइमेतेरिओन’, म्हणजे झोपायची जागा म्हणत. इंग्रजीतला ‘सिमेटरी’ हा शब्द त्याचाच. मराठीत मृताला ‘ख्रिस्तवासी’ म्हणतात. शब्द ‘कैलासवासी’च्या साच्यातला, पण जागेऐवजी व्यक्तीचे नाव घेणारा. मराठवाड्यात कोणत्याही अंत्यविधीला जाणे म्हणजे ‘मातीला जाणे’; मुसलमान पुरतात, लिंगायतही पुरतात, त्यामुळे इथे दफन परके वाटत नाही. पेटी दोरांवरून खाली सोडतात, पाळक मूठभर माती टाकतात, मग घरचे. पहिली ढेकळे फळीवर पडतात तेव्हा पोकळ आवाज येतो. माती चढत जाते तसा तो बंद होतो. काळ्या मातीत नवी कबर पावसाळ्यात खचते, म्हणून बांधकामाला एखादा पावसाळा जाऊ देणे बरे.

तरीही दफन ही श्रद्धेची अट नाही. समुद्रात बुडालेले, आगीत जळालेले हुतात्मे उठणार नाहीत, असे चर्चने कधीच म्हटले नाही. कॅथलिक चर्चने १८८६ साली दहनावर बंदी घातली, कारण दहन ही पुनरुत्थान नाकारणाऱ्यांची खूण झाली होती. १९६३ साली ही बंदी उठवली. २०१६ च्या सूचनेनुसार रक्षा पवित्र जागी ठेवायची असते, विखरायची किंवा घरी ठेवायची नसते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी याच्या कितीतरी आधी दहनाचा निर्णय घेतला होता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी देण्यात आला. रक्षा पुढे अहमदनगरला नेली. पुनरुत्थानावर त्यांची श्रद्धा होती, दहनाची रीत त्यांच्या लोकांची होती, आणि दोन्ही एकत्र ठेवण्यात त्यांना अडचण दिसली नाही.

कॅथलिकांचा मृतांचा दिवस २ नोव्हेंबरला, म्हणजे बहुधा दिवाळीच्या आगेमागे येतो. कबरी झाडून पुसून त्यांवर फुले ठेवतात, मेणबत्त्या लावतात. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत हेच ईस्टरच्या पहाटे होते: उजाडण्याआधी लोक कबरस्तानात जमतात आणि सूर्य वर येईपर्यंत गातात.