खिशातले फ्यूज

मशीन लॅबमध्ये आमच्या बॅचचं काम ठरलेलं होतं. दोघांनी कनेक्शन करायचं, एकानं मीटरकडे बघायचं आणि मी रीडिंग लिहायचं. माझं अक्षर चांगलं म्हणून मी लिहितो, असा सगळ्यांचा समज होता. खरं सांगतो मित्रांनो, माझं अक्षर मुळीच चांगलं नाही. जर्नल तपासणाऱ्या सरांना विचारा! मी वही घट्ट धरून बसायचो, कारण ज्याच्या हातात वही असते त्याला कुणी मेन स्विच टाकायला सांगत नाही.

इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी आणि विजेला घाबरतो! हॉस्टेलवर लाईट गेली की बाहेरून आरोळी यायची, "ए, फ्यूज बघ रे, तू इलेक्ट्रिकलचा ना?" तेव्हा मी डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपेचं सोंग घ्यायचो. रूममेट सिव्हिलचा. तोच बिचारा टॉर्च घेऊन जायचा.

ही भीती कुठून आली ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आज लिहितोय ते वडिलांना विचारून.

आमचं गाव नेवासे तालुक्यातलं. मी ख्रिस्ती आहे म्हटलं की हॉस्टेलवर पहिला प्रश्न ठरलेला, "मग गोव्याचा का?" नाही बाबा! अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला (म्हणजे आताच्या अहिल्यानगरला) १८३१ साली सुरू झालं. तेव्हापासून या जिल्ह्यात मराठी ख्रिस्ती कुटुंबं आहेत, बाजरीची भाकरी खाणारी आणि पेटी-तबल्यावर भजनं म्हणणारी. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं आम्ही 'उपासना संगीता'तून म्हणतो. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच तालुक्यात माझी आजी मला २३वं स्तोत्र म्हणत झोपवायची. माझा रूममेट पंढरपूरकडचा. रात्री तो हरिपाठ म्हणतो, मी प्रार्थना करतो, आणि मग दोघं मिळून मेसच्या भाजीला नावं ठेवतो.

वडील वायरमन. सरकारी नव्हे, खासगी. विहिरींवरच्या मोटारी, स्टार्टर, घरांची फिटिंग यावरच आमचं घर चालतं. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर हत्यारांची पिशवी धरायला जायचो.

माझी दहावी झाली त्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. नुकताच पाऊस पडून गेला होता. एका विहिरीवर मोटारीच्या केबलचा जॉइंट जळाला होता. बांधावर एक खांब आणि खांबाला पेटी. पेटीतला मेन स्विच कधीचाच मोडलेला, नुसते तीन किटकॅट फ्यूज. पप्पांनी तिन्ही फ्यूज काढून माझ्या हातात दिले आणि बजावलं, "मी हाक मारीपर्यंत लावायचे नाहीत." ते विहिरीकडे गेले. मध्ये शंभरेक फुटांचं अंतर. वारा सुटला होता. थोड्या वेळानं हाक आली, "लाव!" मी पहिला फ्यूज बसवला.

ती हाक पप्पांची नव्हती. शेजारच्या रानात कुणीतरी कुणाला तरी काहीतरी लावायला सांगत होतं.

थ्री-फेजमध्ये दोन फेजांत ४१५ व्होल्ट असतात आणि एका फेजचे जमिनीशी साधारण २४०, हे मी नंतर पुस्तकात शिकलो. ओल्या मातीत गुडघे टेकून बसलेल्या माणसाला तेवढे पुष्कळ होतात. पप्पा ओरडले, मी फ्यूज ओढून काढला आणि धावलो. ते मागे फेकले गेले म्हणून वाचले. उजव्या हाताची दोन बोटं मात्र आजही पूर्ण मिटत नाहीत.

आईला, शेजाऱ्यांना, डॉक्टरांना त्यांनी एकच सांगितलं, "ओल्या हातानं काम केलं, माझीच चूक." मी गप्प बसलो. त्यांना खरं ठाऊक आहे की नाही, हे विचारायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या कुठल्या तरी लाईनवरून करंट उलटा आला असं त्यांना वाटलं असेल, अशी मी माझी समजूत घालून घेतली.

बारावीनंतर कॅप राऊंडला इलेक्ट्रिकल मिळालं तेव्हा पप्पांना कोण आनंद झाला! नको म्हणावं तर कारण सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा चार वर्षं भीत भीत काढणं सोपं वाटलं.

मी प्रार्थना करत नव्हतो असं नाही. प्रत्येक प्रॅक्टिकलच्या आधी एकच मागणं असायचं, "प्रभू, माझी भीती काढून टाक." भीती काही हलली नाही. एस.ई.च्या पहिल्या सेमिस्टरला परीक्षेत डी.सी. शंट मोटरची चिठ्ठी आली. कनेक्शन केलं, तपासलं आणि स्विचवर हात ठेवून उभा राहिलो. हात पुढे सरकेना. एक्स्टर्नल घड्याळाकडे बघायला लागले. शेवटी लॅबच्या मामांनी काही न बोलता स्विच टाकला. कसाबसा पास झालो, पण त्या रात्री जेवायला गेलो नाही. खरं तर देवावरच रागावलो होतो. एवढी साधी गोष्ट मागतोय, तीही मिळू नये?

रागातच पवित्र शास्त्र उघडलं. योहानाच्या शुभवर्तमानातला १८वा अध्याय निघाला. येशूला अटक झालेली, रात्रीची थंडी, अंगणात कोळशांचा विस्तव पेटवलेला. त्याचा शिष्य पेत्र तिथे शेकत उभा आहे. "तू त्याच्याबरोबरचा ना?" असं विचारल्यावर तो घाबरून तीनदा नाही म्हणतो. ही गोष्ट मला पाठ होती. पण तिच्या जोडीची दुसरी गोष्ट आठवली, ती संडे स्कूलमध्ये पाळकसाहेबांनी सांगितलेली. २१व्या अध्यायात, पुनरुत्थानानंतर, येशू तळ्याच्या काठी शिष्यांसाठी मासळी आणि भाकर तयार ठेवतो. तिथेही कोळशांचाच विस्तव आहे. मूळ ग्रीकमध्ये त्यासाठी जो शब्द आहे, तो सबंध नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. जिथे पेत्र घाबरला तसल्याच विस्तवाजवळ येशू त्याला आधी जेवू घालतो. मग तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम आहे ना? आणि तीनदा त्याला कामाला लावतो. "का घाबरलास?" असं एकदाही विचारत नाही.

लहानपणी हे ऐकून मी मान डोलावली होती. त्या रात्री मात्र उठून बसलो.

याच योहानाच्या नावानं नव्या करारात पत्रंही आहेत. त्यातल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात भीतीचं मूळ सांगितलं आहे. शिक्षेची वाट बघत राहणारा माणूस भितो. आपल्यावर कुणाचं तरी पुरतं प्रेम आहे हे ज्याला पटलं, त्याच्याजवळ भीतीला थारा राहत नाही. माझ्या लक्षात आलं, की मी विजेला भीत नव्हतोच. मी शिक्षेला भीत होतो. लॅबमधला प्रत्येक स्विच मला बांधावरचा तो फ्यूज वाटत होता. फॉल्ट एका ठिकाणी आणि मी टेस्टर लावत होतो दुसरीकडेच! मग भीती जाणार कशी?

नाताळात घरी गेलो. २५ तारखेची उपासना झाली, पाहुणे येऊन गेले. रात्री पप्पा ओट्यावर बसले होते. मी जाऊन शेजारी बसलो आणि एका दमात म्हणालो, "पप्पा, त्या दिवशी फ्यूज मी लावला होता."

"माहितीये मला."

"कधीपासून?"

"पडलो तेव्हापासून. खांबाकडंच तोंड होतं माझं."

"मग सगळ्यांना तुमची चूक म्हणून का सांगितलं?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "चूक माझीच होती. जो काम करतो, त्याच्या खिशात फ्यूज पाहिजेत. पोराच्या हातात देऊन मी गेलोच कसा? आणि तुला कुणी बोल लावला असता, तर तू पुन्हा वायरला हात लावला नसतास."

मला रडू आवरेना. साडेतीन वर्षं मी ज्या माफीची हिंमत करत नव्हतो, ती त्यांनी विहिरीवर पडल्या पडल्याच देऊन टाकली होती. मीच ती घेतली नव्हती. चर्चमध्ये लहानपणापासून ऐकलेलं, की क्षमा आधीच झालेली आहे, आपण फक्त यायचं, त्याचा अर्थ मला आमच्या ओट्यावर कळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा म्हणाले, "चल, पिशवी घे." त्याच विहिरीवर स्टार्टरचं काम होतं. पेटीत आता नवा मेन स्विच आहे. त्यांनी तो बंद करायला लावला, तिन्ही फ्यूज माझ्याकडून काढून घेतले आणि म्हणाले, "ठेव तुझ्या खिशात. आज काम तू करायचं." मी विहिरीवर गेलो, टेस्टर लावून लाईन मेली आहे याची खात्री केली आणि स्टार्टर उघडला. पप्पा शेजारी उभे राहून सांगत होते. काम झाल्यावर दोघं खांबाकडे आलो. फ्यूज बसवताना हात थरथरत होता. ते काही बोलले नाहीत, धीरही दिला नाही, नुसते शेजारी उभे राहिले. मी मेन स्विच टाकला, विहिरीवर येऊन हिरवं बटण दाबलं. मोटार घुमली आणि पाइपातून पाणी पडलं. पाणी पडताना इतका वेळ बघत मी त्याआधी कधी उभा राहिलो नव्हतो.

मे महिन्यात पुन्हा प्रॅक्टिकल. या वेळी थ्री-फेज इंडक्शन मोटरची ब्लॉक्ड रोटर टेस्ट. डिमरस्टॅट शून्यावर आहे ना हे दोनदा पाहिलं. प्रार्थना केली, पण मागणं बदललं होतं. "भीती काढ" असं न म्हणता "सोबत उभा राहा" एवढंच म्हटलं. हात थरथरला, पण स्विच मीच टाकला. एक्स्टर्नलनी विचारलं, "हात का कापतोय?"

"भीती वाटते सर, म्हणून दोनदा तपासलं."

ते हसले आणि पुढचा प्रश्न विचारला. तो मात्र मला आला नाही! मार्क बेताचेच पडले. मामांनी जाताना पाठीवर थाप मारली, ती मला मार्कांपेक्षा मोठी वाटली.

आता टी.ई.ला इंडस्ट्रियल सेफ्टीत आम्ही 'लॉक-आउट टॅग-आउट' शिकलो. मशीनवर काम करणाऱ्या प्रत्येकानं पुरवठा बंद करून स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. सर शिकवत होते आणि मला बांधावरचा खांब दिसत होता. आमच्या वायरमन बापानं पुस्तक न वाचता तेच सांगितलं होतं.

हे लिहिण्यामागे कुणाला धर्म शिकवायचा हेतू नाही. माझी भीती पूर्ण गेली असंही म्हणणार नाही. विजेची थोडी भीती हवीच, तीच माणसाला टेस्टर लावायला लावते. गेली ती दुसरी भीती, शिक्षेची, जी हात बांधून ठेवत होती. माझ्या श्रद्धेनं ती काढून घेतली, पण त्याआधी तिनं मला घरी जाऊन खरं बोलायला लावलं. हॉस्टेलवर आपल्यापैकी अनेकांच्या पोटात असं काहीतरी असतं, के.टी.चं, पैशाचं, नाहीतर याहून मोठं, जे घरी सांगायचं राहून गेलेलं असतं. या सुट्टीत सांगून बघा. कदाचित तिकडून एवढंच उत्तर येईल, "माहितीये मला."

आणि हो, परवा आमच्या विंगची लाईट गेली तेव्हा रूममेट सवयीनं टॉर्च घेऊन उठला. मी म्हटलं, "टॉर्च तू धर. फ्यूज मी बघतो."