इथून तिथपर्यंत

फेब्रुवारीतली सकाळ. निफाड तालुक्यातल्या चुलतभावाच्या द्राक्षबागेत मांडवाखाली अजून दव आहे. दादा घडातला एक मणी तोडतो, रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर पिळतो, झाकण दाबतो आणि नळी उजेडाकडे धरून एक डोळा मिटतो. आत वर निळं, खाली पांढरं; दोन्ही रंग भेटतात त्या रेघेवर ब्रिक्स, म्हणजे गोडीचा आकडा, वाचायचा. काच ओल्या फडक्यानं पुसायची, की पुढचा घड. पंचवीस घडांचे आकडे वहीत उतरले. दादानं सरासरी काढली आणि मोठ्यानं सांगितली, "अठरा पॉइंट चार!" व्यापाऱ्यानं अठरा मागितले होते. म्हणजे बाग तयार.

मग वही माझ्या हातात आली, आणि माझ्याबरोबर तोही वहीत डोकावला.

कॉलेजात त्याला कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात, मराठी पुस्तकांत विश्वास अंतराल. वर्गात मी पल्ला म्हणतो, पोरांना ते लगेच कळतं. त्याची सवय अशी, की "किती?" विचारलं तर तो एक आकडा कधी देत नाही. इथून तिथपर्यंत, म्हणतो. असं बोलणाऱ्याला लोक कच्चा समजतात. मला मात्र तो माझ्या ओळखीतला सर्वांत सरळ गडी वाटतो. पाहिलं किती हे तो लपवत नाही, आणि न पाहिलेलं किती असेल याचंही माप देतो. शितावरून भाताची परीक्षा आपण रोजच करतो. किती शितं चेपली, हे विचारणारा एवढाच.

त्याची अंगकाठी साधी. मधोमध सरासरी आणि दोन्हीकडे सारख्या लांबीचे दोन हात. घडाघडांत फरक मोठा असेल तर हात लांब होतात, घड जास्त तपासले तर आखूड. पण इथे तो कुणाची भीड ठेवत नाही. पंचवीसऐवजी पन्नास घड घेतले म्हणून हात निम्मे होत नाहीत; त्यासाठी शंभर घ्यावे लागतात. सगळा हिशेब वर्गमुळाचा, चौपट मेहनतीला निम्मं अंतर. ही गोष्ट पोरांना पाठ होते, पण पटते ती उन्हात शंभर मणी पिळल्यावरच.

नमुना लहान असला तर तो हात आणखी थोडे पसरतो. डब्लिनच्या गिनेस मद्यशाळेत काम करणाऱ्या गॉसेटनं 1908 साली 'स्टुडंट' या टोपणनावानं दाखवून दिलं, की मोजक्या नमुन्यावरून फरकाचाही अंदाजच काढावा लागतो, तेव्हा त्या अज्ञानाचं मोलही धरलं पाहिजे. म्हणून हातांची लांबी काढताना पंचवीस घडांना नेहमीच्या 1.96 ऐवजी 2.06 नं गुणायचं. फरक बोटाच्या पेरावर मावेल एवढा, पण तो सोडत नाही.

आणि त्याचा तो 95 टक्के विश्वास! त्याच्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे. समजा, याच बागेत शंभर माणसं सोडली. प्रत्येकानं आपापले पंचवीस घड चिठ्ठ्या टाकून निवडले आणि आपापला पल्ला काढला. बागेची खरी सरासरी जागची हलत नाही, हलतात ते पल्ले. त्यांतले साधारण पंचाण्णव तिला कवेत घेतील, पाचेक चुकतील, आणि आपल्या हातातला कुठला हे कुणालाच सांगता येणार नाही. तो 95 त्याच्या रीतीचा आहे, आजच्या एका उत्तराचा नव्हे. चांगल्या सुताराचं माप बहुतेक वेळा बरोबर येतं, म्हणून आपण त्याच्यावर विसंबतो, तसंच हे.

त्याचा बाप जेर्झी नेमन. 1934 साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे नेमननं त्याला उभं केलं, तेव्हा तिथल्या जाणत्यांनी त्याच्या नावातल्या 'विश्वासा'वरच शंका घेतली. त्याच काळात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा एक तरुण नमुना-पद्धतीवर काम करत होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. 1936 साली तिथली पीएच.डी. घेऊन ते परतले आणि पुढे कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्रज्ञ पानसे यांच्याबरोबर त्यांनी पीक कापणीच्या सर्वेक्षणांचा पाया घातला. आज आपल्या गावात गट नंबर चिठ्ठीसारखा काढून, शेतातली जागाही तशीच ठरवून, दोरी लावून दहा बाय पाच मीटरचा तुकडा कापतात, त्यामागे हे काम आहे. लंडनच्या सभागृहातून तो आपल्या बांधावर आला तो असा.

बाजारात त्याची खरी गरज कांद्याला. लासलगावला ट्रॉलीवरचे चार कांदे हातात घेऊन बोली लागते, आणि माल खाली करताना आतून वेगळा निघाला की वांधा. इथे सरासरीचा प्रश्न नसतो, प्रमाणाचा असतो: शेकडा किती सडके? चाळीतून ठिकठिकाणचे शंभर कांदे काढले आणि आठ सडके निघाले, तर नेहमीच्या सूत्रानं तो म्हणतो, पावणेतीन टक्क्यांपासून सव्वातेरापर्यंत. केवढं अंतर! शंभर कांदे म्हणजे पुष्कळ, असं वाटणाऱ्याला पहिल्यांदा धक्का बसतो.

पण याहून नाजूक प्रसंग म्हणजे पन्नास कांदे पाहिले आणि एकही सडका नाही. नेहमीचं सूत्र घातलं, तर त्याचे दोन्ही हात गळून पडतात. शून्यापासून शून्यापर्यंत, म्हणजे चाळ शंभर टक्के निरोगी. हे त्याच्या तोंडी शोभत नाही, आणि हा दोष त्याचा नाही, घाईनं वापरलेल्या सूत्राचा आहे. अशा वेळी तीनला पन्नासनं भागायचं: सडक सहा टक्क्यांपर्यंत असू शकते. एकही सडका दिसला नाही तरी सहा टक्क्यांची जागा राखून ठेवणारा हा स्वभाव मला फार आवडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या जिल्हा पत्रकात काही आकडे कंसात छापलेले दिसतात. पंचवीस ते एकोणपन्नास जणांवर बेतलेल्या आकड्यांना तो कंस असतो. तो पाहिला की मला याचीच आठवण येते.

त्याचं एक दुबळेपण मात्र सांगायलाच हवं. तो भोळा आहे. दिलेल्या नमुन्यावर तो डोळे मिटून विश्वास ठेवतो. दादाच्या वहीतल्या पंचवीस आकड्यांवरून मी हिशेब केला, तर उत्तर आलं 18.2 ते 18.6. इतकं नेटकं, की मलाच शंका आली.

"दादा, हे घड कुठले?"

"हे काय, रस्त्याकडच्या दोन ओळींतले. चालत चालत घेतले."

कडेच्या ओळींना ऊन जास्त, वारा जास्त. तिथले घड एकमेकांसारखे, म्हणून पल्ला अरुंद. आणि मधल्या बागेपेक्षा गोड, म्हणून चुकीचा. तिथलेच दोनशे घड घेतले असते, तर तो आणखी अरुंद आणि तेवढाच चुकीचा झाला असता. काठाचा हा मोह सुखात्म्यांनी ओळखला होता. 1946 साली 'नेचर'मध्ये त्यांनी लिहिलं, की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसतं. हद्दीवरची रोपं मापात ओढून घेण्याकडे हात वळतो आणि तुकडा लहान असला की ही ओढाताण भारी पडते. मापणारा खोटा असावा लागत नाही.

आम्ही वहीचं कोरं पान फाडलं. ओळींच्या चिठ्ठ्या एका डब्यात, वेलींच्या दुसऱ्या. दादा चिठ्ठी उघडायचा, मी झाडं मोजत मांडवाखालून वाकून जायचो. घड कधी वरचा घ्यायचा, कधी मधला, कधी खालचा, हेही चिठ्ठीनंच ठरवलं. दुपार झाली. सरासरी आली 17.1, फरक सकाळच्या तिप्पट. त्यानं हात पसरले: 16.5 ते 17.7. अठरा त्याच्या कवेतही नव्हते.

दादा बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. मग व्यापाऱ्याला फोन लावला, "उद्या गाडी पाठवू नका, आठ दिवस थांबा." आणि चिठ्ठ्यांचे दोन्ही डबे झाकण लावून रिफ्रॅक्टोमीटरच्या शेजारी फळीवर ठेवले.